सोनूबाईचा गुरुवार

सोमवारी दुपारी मळभ आलं आणि मंगळवारी उजाडताना रामजीच्या अंगणात सात माणसं उभी होती.

पौषातलं मळभ आंब्याला फार वाईट. थंडीनं नुकता कुठे मोहोर टरारलेला असतो, त्यात हवा कोंदट झाली की तुडतुडे पडतात. किडा तिळाएवढा, पण आठवड्याभरात झाडाचं पान न् पान चिकट करतो आणि मोहोर काळा पाडतो. मग चैत्रात झाडाखाली उभं राहून नुसतं वर बघायचं. त्यामुळे सातही जणांचं म्हणणं एकच होतं, की पंप आज पाहिजे.

"माझी बाग वाटेवर हाय. आधी माझी करून मग पुढं जा," भागोजी म्हणाला.

"वाटेवर सगळ्यांच्याच बागा हायत, भागोजी. तू शनवारी."

"शनवारपर्यंत मोहोर राहील काय?"

"राहील. तुझा उशिरा फुटलाय, चार दिवस निभावतील. मी बघून आलंय."

रामजी खरोखरच बघून आला होता. मळभ दिसल्याबरोबर तो आधी सगळ्या बागांतून फिरला होता आणि कुणाचा मोहोर किती फुटलाय, कुणाच्या पानाला चिकटा आलाय, हे पाहूनच त्यानं दिवस लावले होते. भिंतीवर बुद्धाच्या चित्राचं कॅलेंडर होतं. त्याच्या चौकोनांत पेन्सिलीनं नावं लिहिलेली. मंगळवारी दोघं, बुधवारी दोघं, गुरुवारी सकाळी सोनूबाई आणि संध्याकाळी मास्तरांची पाच कलमं. शुक्रवारच्या चौकोनात नाना खोत आणि शनिवारी भागोजी.

लोकांना हे कॅलेंडर फारसं आवडत नसे. हेदवीच्या अलीकडचं हे एवढंसं गाव, त्यात बौद्धवाडीतला माणूस दिवस वाटून देणार आणि बाकीच्यांनी ते घ्यायचे, हे काहींच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण पायानं मारायचा पंप पंचक्रोशीत दोघांकडेच होता, आणि त्यांतला दुसरा खाडीपलीकडे. तेव्हा तो घोट गिळण्यावाचून इलाज नव्हता.

रामजी मुंबईला आठ वर्षं छत्र्यांच्या कारखान्यात होता. भोंगा झाल्यावर पाच मिनिटांनी दारात आलेल्या माणसाला तिथं परत पाठवत, आणि त्याचा दिवस गेला तो गेला. रामजीचे असे तीन दिवस गेले होते आणि तिन्ही त्याला तारखेनिशी पाठ होते. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात तो गावाला परतला तो हा पंप घेऊन. हा त्याचा तिसरा मोहोर. कारखान्यात आपली वेळ मालकाची असते, एवढी गोष्ट तो तिथून शिकून आला होता. इथं ती आपली ठेवायची, असं त्यानं बायकोला, शालनला, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शालन म्हणाली होती, "ठेवा की. पण जेवायची वेळ पण त्यातच ठेवा."

कामाची पद्धत ठरलेली होती. पंप, औषध आणि माणसं रामजीची. पाणी मालकानं भरून ठेवायचं. रामजी फवाऱ्याची लांब कांडी घेऊन झाडावर चढे, शालन खाली पंपाचा दांडा धरून पायानं पंप मारी, आणि रामजीचे वडील, बाबाजी, रबरी नळी फांद्यांत अडकू न देता सांभाळत. बाईमाणूस पंप मारते म्हणून पहिल्या साली बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. शालनच्या उजव्या पोटरीला तेव्हापासून गाठ आली होती. हसणाऱ्यांच्या बागाही तिनंच मारल्या.

आणि हे सगळं सकाळी. दहा-साडेदहाला समुद्रावरून वारा सुटतो आणि औषध झाडावर न बसता शेजाऱ्याच्या वालावर जाऊन बसतं. मग चारनंतर वारा पडेपर्यंत हात बांधून बसायचं.

मंगळवारी संध्याकाळी सोनूबाई आली. साठीची बाई, कुणबीवाडीतली, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा मुंबईला. मागच्या उतारावर तिची अकरा कलमं, जुनी आणि उंच. त्या अकरा कलमांवर तिचं वर्ष निघायचं. अंगणाच्या कडेला उभी राहून ती म्हणाली,

"रामजी, माझा गुरवार हाय ना रे?"

"हाय, काकी."

"नक्की ना?"

"लिवलाय. ह्यो बघ."

सोनूबाईला वाचता येत नव्हतं. पण ती आत वाकून त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग मान हलवून गेली.

तिनं असं पुन्हा पुन्हा विचारावं याला कारण होतं. गेल्या साली सोनूबाईच्या दिवशीच नाना खोतांची हाक आली होती आणि रामजी पंप उचलून तिकडे गेला होता. खोतांची चाळीस कलमं, गावातली सगळ्यांत मोठी बाग, तेव्हा हाक मोडवली नाही. सोनूबाईकडे तो चौथ्या दिवशी पोचला, तोवर तिचा मोहोर पार काळा झाला होता. हात लावला की राखेसारखा गळत होता. तिनं तिघांना चहा दिला. ती शिव्या देती तर रामजीला बरं वाटलं असतं. तो चहा त्याच्या घशात वर्षभर अडकून राहिला होता.

गुरुवारी उजाडायच्या आत तिघं सोनूबाईच्या बागेत पोचले. सोनूबाईनं आणि तिच्या सुनेनं, राहीनं, दोन पिंपं भरून ठेवली होती. दोघींच्या डोक्यावरच्या चुंबळी अजून ओल्या होत्या. शालननं औषध मोजून पाण्यात ढवळलं, पदर खोचला आणि पंपावर पाय ठेवला. रामजी पहिल्या कलमावर चढला. कांडीच्या टोकातून धुकं फुटलं आणि मोहोरावर बसायला लागलं. पानांवरचे तुडतुडे टपटप उडत होते. वेळेवर आलो होतो, याचं रामजीला वर फांदीवर बसून समाधान वाटलं.

तिसरं कलम चालू असताना खोतांचा गडी विठू वर चढून आला. धापा टाकत होता.

"रामजी, अरे हितं काय करतस? नाना तिकडं फाटकात उभे हायत. सगळी पिंपं भरून ठेवलीत, चार माणसं लावलीत सकाळधरनं."

"नानांचा दिवस उद्या."

"उद्या कसा? षष्ठी म्हणून सांगितलंत. आज षष्ठी."

बाबाजीच्या हातातली नळी खाली आली.

सोमवारी सकाळी, मळभ यायच्या आधीच, रामजी औषधाचे डबे आणायला चिपळूणला गेला होता. तेव्हा विठू पंपाचा दिवस विचारायला घरी आला होता आणि बाबाजीनं त्याला सांगितलं होतं, की षष्ठीला येतो म्हणून नानांना सांग. रात्री जेवताना रामजीनं विचारलं, षष्ठी म्हणजे शुक्रवार ना. बाबाजीनं अवसेपासून बोटांच्या पेरांवर मोजलं आणि होय म्हणाला. रामजीनं पेन्सिल घेतली आणि शुक्रवारात खोतांचं नाव टाकलं. वाडीनं धर्म बदलला तेव्हा बाबाजीनं देव सोडले, उपास सोडले, पण चंद्र बघून तिथी मोजायची सवय काही बोटांतून गेली नव्हती. आणि एखाद्या पंधरवड्यात मधलीच तिथी गळते, दोन तिथ्या एकाच दिवसात उरकतात, हे पंचांगात कळतं, बोटांवर कळत नाही. या पौषात चतुर्थी गळली होती. कॅलेंडरच्या मंगळवारच्या चौकोनात तृतीयेच्या खाली ती बारीक अक्षरांत छापलेलीही होती. रामजीनं त्याच अक्षरांवर पेन्सिलीनं मंगळवारची नावं लिहिली होती.

"चूक माझी," बाबाजी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. तो खाली बसला आणि नळी गुंडाळायला लागला. "चल, उतर. आधी नानांचं करूया. मी शब्द दिलाय."

"नळी सोडा, बाबा."

"रामजी, नाना थांबलेत रे."

"काकी पण थांबलीय. वरीसभर थांबलीय."

सोनूबाई पिंपाजवळ उभी होती. तिनं विठूकडे पाहिलं, मग बाबाजीकडे. "जायचं तर जा," ती हळूच म्हणाली. "मोठ्या माणसाला नाय कसं म्हणायचं." असं म्हणताना तिनं पिंपाच्या काठावर दोन्ही हात ठेवले होते आणि ते काढले नाहीत.

रामजी फांदीवरून खाली आला नाही. "विठू, नानांना सांग, घोळ आमच्याकडनं झालाय. पण आजचा दिवस सोनूबायला दिलेला. संध्याकाळ मास्तरांची. उद्या उजाडताना आमी नानांच्या फाटकात असू. एक कलम मागं ठेवणार नाय."

"मी नाय सांगणार असलं," विठू म्हणाला. "मला तिथं भाकरी खायची हाय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शालन तेवढी पंपावर उभी होती, तिनं पाय थांबवला नव्हता. दाबा-सोडाचा खटखट आवाज चालू होता.

"मामंजी," ती म्हणाली, "नळी अडकलीय वर. सोडवा, नायतर फुटंल."

बाबाजीनं नळी सोडवली. ती राहीच्या हातात दिली आणि तिला म्हणाला, "अशी धर. वढू नको, नुसती मागनं सोडत जा." मग मुंडासं काढून झटकलं, पुन्हा बांधलं आणि विठूला म्हणाला, "चल. शब्द माझा व्हता. मीच सांगतो."

तरुणपणी गावकीची कामं बाबाजीच्या घराकडे होती. कुणी मेलं की सांगावा घेऊन चार गावं पळायचं, सरकारी माणूस आला की पुढं धावायचं, रानात बांबू तोडायला, लग्नात लाकडं फोडायला. हाक आली की हातातला घास खाली ठेवून उठायचं. धर्म बदलला तेव्हा सगळ्या वाडीनं ही कामं टाकली आणि बाबाजीनंही टाकली. पण हाक आली की त्याचं अंग अजून आपोआप उठत असे. आज तो त्याच वाटेनं चालला होता आणि आजवर त्या फाटकाशी जाऊन तो कधी नाही म्हणाला नव्हता.

नाना खोत फाटकातच होते. सत्तरीचे, अंगावर बंडी, हातात काठी. मागं सहा पिंपं ओळीनं भरलेली आणि चार माणसं विडी ओढत बसलेली.

"पंप कुठाय?" नानांनी विचारलं.

"नाना, घोळ झाला. मी बोटांवर तिथी मोजली. मला वाटलं षष्ठी उद्या. रामजीनं आजचा दिवस सोनूबायला दिलाय."

"सोनूबाईला? तिची दहा झाडं आणि माझी चाळीस."

"अकरा हायत."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. बाबाजीला स्वतःलाच कळलं नाही, ते अकरा तोंडातून कसं निघालं.

"बाबाजी, तू शब्द दिला होतास मला."

"दिला व्हता. चुकला माझा. शिव्या द्या, मी ऐकतो. पण पंप आज येणार नाय."

"येणार नाही?"

"नाय, नाना. उद्या उजाडताना येईल."

एवढं बोलून बाबाजीनं हात मागं बांधले. नानांना राग आला की ते ओरडत नसत. त्यांनी गड्यांना सांगितलं, "ओता ते पाणी. पिंपं उपडी करा." गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उठले. सहाही पिंपं एकेक करून जांभ्याच्या तांबड्या जमिनीवर उलटी झाली. पाणी बाबाजीच्या पायाखालून उताराला लागलं. नाना म्हणाले, "खाडीपलीकडचा पंप येईल माझ्याकडे. तुम्ही सोनूबाईचंच करा." आणि आत गेले.

बाबाजी सोनूबाईच्या बागेत परत आला तेव्हा आठवं कलम चालू होतं. त्यानं राहीच्या हातातून नळी घेतली. रामजीनं वरून विचारलं, "काय बोलले?"

"पाणी ओतलं सगळं."

"आणि तुमी?"

"मी सांगितलं, आज येणार नाय." बाबाजी थोडा थांबला. "उद्या येतो म्हणून पण सांगितलं."

रामजीच्या डोळ्यांत औषध गेलं होतं की काय कोण जाणे, त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि कांडी पुढच्या फांदीत घातली. अकरावं कलम संपलं तेव्हा सव्वादहा झाले होते. पाचदहा मिनिटांतच खालच्या माडांची झावळं हलायला लागली. सोनूबाईनं चहा केला. या वेळी रामजीनं दोन कप घेतले.

संध्याकाळी मास्तरांची पाच कलमं झाली. रात्री शालननं विचारलं, "उद्या जायचं काय खोतांकडं? ते तर दुसरा पंप आणणार."

"आणंनात. दिवस दिलाय त्यांना. त्यांनी आपल्याला परत पाठवलं तर ते परत पाठवतील, आपण चुकायचं नाय."

"आणि उगाच हेलपाटा पडला तर?"

"पडू दे."

शालन हसली. "कारखान्यातला भोंगा घरातच आणून ठेवलाय तुमी," ती म्हणाली आणि पोटरीला तेल चोळत बसली.

शुक्रवारी मळभ आणखी खाली आलं होतं. तिघं खोतांच्या फाटकात पोचले तेव्हा झाडांचे शेंडे नुकते दिसायला लागले होते. रामजीनं खांद्यावरचा पंप खाली ठेवला. बागेत दुसरा पंप नव्हता. सहा पिंपं होती, काल होती तशीच उपडी.

नाना ओटीवरून खाली आले. रात्री झोप झालेली दिसत नव्हती. खाडीपलीकडच्या पंपाचे पुढचे पाच दिवस लागलेले होते, असं विठूनं मागाहून सांगितलं.

"आलात?" नाना म्हणाले.

"दिवस तुमचा हाय," रामजी म्हणाला. "पाणी?"

नानांनी उपड्या पिंपांकडे पाहिलं. "काल जी माणसं आली होती ती आज गुहागरकडे गेली, चिरे काढायला. त्यांनी आजचा दिवस दुसऱ्याला दिला होता." हे सांगताना त्यांची जीभ जड झाली. "थांबा जरा. वाडीत निरोप पाठवतो. नऊ-दहापर्यंत कोणी तरी येईल."

"दहाला वारा सुटतो."

"मग विठू भरील."

"एकटा विठू सहा पिंपं भरंपर्यंत दुपार व्हईल, नाना. मग आजचा दिवस संपला. उद्या भागोजीचा."

"भागोजीला पुढं ढकल."

"नाय ढकलणार."

रामजीनं ते उद्धटपणे म्हटलं नाही. एस.टी. सातला सुटते, हे सांगावं तसं सांगितलं. नानांनी जवळच्या कलमाचं पान उलटून पाहिलं. बोटाला चिकटा लागला. त्यांनी ते बोट बंडीला पुसलं, पण चिकटा निघाला नाही.

विहीर दहा पावलांवर होती. जांभ्याची बांधलेली, वर कप्पी, कप्पीला दोर, दोराला पोहरा. साठ वर्षं बाबाजी या बागेत राबला होता. कुंपणं घातली होती, आंबे उतरवले होते, पेंढ्याच्या अढ्या लावल्या होत्या. तहान लागली की विहिरीपासून दूर ओंजळ धरून उभं राहायचं आणि कुणी तरी वरून ओतायचं. त्या काठावर त्याचा पाय कधी पडला नव्हता. कायदा कधीच बदलला होता, पण खोतांच्या विहिरीपर्यंत तो चालत आला नव्हता.

"आमी तिघं वढतो," रामजी म्हणाला. "तासाभरात चार पिंपं भरतील. तुमची कलमं ठेंगणी, चढायला लागत नाय, वाऱ्याच्या आधी पंचवीस व्हतील. उरलेली संध्याकाळी. नायतर आमी जातो. तुमी सांगा."

नानांनी विहिरीकडे पाहिलं. मग ओटीकडे पाहिलं, तिथं त्यांची सून मथुरा दारात उभी होती. मग वर मोहोराकडे पाहिलं. चाळीस कलमांचा मोहोर मळभाखाली गप्प उभा होता. शालननं तोवर पदर खोचून घेतला होता.

"ओढा," नाना म्हणाले, आणि तोंड फिरवून फाटकाकडे गेले.

शालननं दोन पिंपं सरळ केली. रामजीनं तिसरं. बाबाजी मात्र होता तिथंच उभा राहिला. मग त्यानं पायांतल्या वहाणा काढल्या, त्या शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि काठावर चढला. त्यानं दोर दोन्ही हातांत घेतला. पोहरा खाली गेला, पाण्यात बुडल्याचा आवाज वर आला. बाबाजीनं ओढला. पाणी हिंदकळत वर आलं, त्याच्या मनगटावर सांडलं, धोतरावर सांडलं. त्यानं ते पिंपात ओतलं आणि पिंपात पाणी पडल्याचा आवाज ऐकत तो क्षणभर उभा राहिला.

शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामंजी," ती म्हणाली, "आधी तुमी पिऊन घ्या. एक पोहरा तुमचा."

बाबाजीनं आभाळाकडे पाहिलं. पूर्वेला उजेड चांगला वर आला होता आणि माडांची झावळं अजून स्थिर होती.

"आता येळ नाय," तो म्हणाला आणि त्यानं दोर पुन्हा आत सोडला.